पापाचे वाटेकरी कोण?

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झाला. रामगोपाल वर्मा यांचा ‘सत्या’ हा हिंदी चित्रपट त्याच्या दहा महिने आधी, ३ जुलै १९९८ रोजी, पडद्यावर आला होता. म्हणजे हा चित्रपट या जिल्ह्यापेक्षा वयाने मोठा आहे. जिल्ह्याच्या निर्मितीनंतर जन्मलेली एक संपूर्ण पिढी आता कर्तीसवरती झाली आहे. तिने मुंबईचे टोळीयुद्ध पाहिलेले नाही. खंडणीचा दूरध्वनी आला म्हणजे घर कसे गोठून जाते, हे तिला ठाऊक नाही. तरीही भिकू म्हात्रे हे नाव तिला पाठ आहे. समुद्राकाठच्या खडकावर उभा राहून स्वतःला मुंबईचा राजा म्हणवून घेणारा तो गुंड आज खेडोपाडी भ्रमणध्वनीच्या पडद्यावर, अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यांत, दररोज नव्याने जन्म घेतो आहे. १७ जानेवारी २०२५ रोजी हा चित्रपट चित्रपटगृहांत पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा त्याच्या स्वागताला सरसावलेल्यांत तो प्रथम आला त्या वेळी जन्मलेलेही नसलेले तरुण होते.

हिंगोलीत राज्य राखीव पोलीस बलाचा बारावा गट आहे. या जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या घरचा मुलगा पहाटे अंधारात उठून पोलीस भरतीसाठी धावण्याचा सराव करतो. वर्दी अंगावर यावी, घरात कायमचा पगार यावा, हे त्याचे आणि त्याच्या आईवडिलांचे स्वप्न असते. आणि तोच मुलगा रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या स्वतःच्या छायाचित्राला जोड देतो ती भिकू म्हात्रेच्या संवादाची. पहाटे एक आदर्श, रात्री दुसरा! यातील कोणता आदर्श त्याच्या मनात खोलवर मुरतो, हा प्रश्न करमणुकीच्या पुरवणीत सोडून देण्याइतका किरकोळ नाही. तो घराघराचा प्रश्न आहे.

श्रेय द्यावेच लागेल

प्रथम एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. ‘सत्या’ हा वाईट चित्रपट नाही. तो वाईट असता तर त्याची दखल घेण्याचे कारणच उरले नसते. त्यापूर्वीचा हिंदी चित्रपटांतील खलनायक सोनेरी केसांचा टोप घालून गुहेत राहत असे. त्याला पाहून हसू येई, भुरळ पडत नसे. ‘सत्या’ने तो टोप उतरवला. सौरभ शुक्ला आणि अनुराग कश्यप यांच्या लेखणीने गुंडाला चाळीत राहायला आणले, त्याला बायको दिली, मुले दिली, दारावर भांडण दिले, मित्रांच्या अड्ड्यावरचे गाणे दिले. मनोज बाजपेयी या बिहारच्या चंपारण जिल्ह्यातील खेड्यातून आलेल्या अभिनेत्याने भिकू असा काही जिवंत केला की त्याला सहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पावसाळी मुंबईची ओल, अरुंद जिने, गळके छप्पर, हे सारे पडद्यावर प्रथमच इतक्या खरेपणाने उतरले. पुढे गुन्हेगारीवरच्या हिंदी चित्रपटांनी त्याचेच वळण गिरवले.

मग या चित्रपटाचे आकर्षण नेमके कशात आहे? बंदुकीत निश्चितच नाही. बंदुका तर शेकडो चित्रपटांत आहेत. ‘सत्या’चे आकर्षण एका खोलीत आहे. कोठून आला हे कोणालाच ठाऊक नसलेला, आगापिछा नसलेला एक तरुण महानगरात उतरतो. त्याला कोणी विचारत नाही. खोट्या आरोपाखाली तो तुरुंगात जातो. तेथे भिकूशी त्याची झुंज होते, झुंजीतून मैत्री होते आणि बाहेर आल्यावर भिकू त्याला राहायला खोली देतो, काम देतो, आपल्या घरी जेवायला बसवतो. निराधाराला आधार मिळतो, अनामिकाला नाव मिळते. तरुण प्रेक्षकाच्या मनाची तार छेडली जाते ती येथे. पुण्याच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या कारखान्यात कंत्राटी कामाला गेलेल्या, एका खोलीत सातआठ जणांसह राहणाऱ्या मुलाला ही खोली आपली वाटते. ‘माझ्या पाठीशी कोणीतरी उभे आहे’ ही भावना त्याला हवी असते. चित्रपट ती भावना त्याला देतो. मात्र तिच्या जोडीला पिस्तूलही हातात ठेवतो आणि दोन्ही वस्तू एकच आहेत असे भासवतो. सारी फसगत या ‘एकच’मध्ये आहे.

अश्रूंचा हिशेब

चित्रपटात दिग्दर्शकाचे एक निवेदन आहे. हिंसेवर पोट भरणाऱ्यांनी पुढच्या वेळी शस्त्र उचलण्यापूर्वी क्षणभर स्वतःच्या आत डोकावावे, अशी अपेक्षा त्यात व्यक्त केली आहे. आणि सत्यासाठी आपल्या डोळ्यांत जितके अश्रू आहेत तितकेच त्याने मारलेल्यांसाठीही आहेत, असा निर्वाळा दिला आहे. हेतू उदात्त आहे. प्रश्न इतकाच की हा हिशेब पडद्यावर जुळतो काय?

भिकूला घर आहे, विनोद आहे, राग आहे, लोभ आहे. त्याची पत्नी प्यारी हिचा आकांत प्रेक्षक विसरत नाही. सत्याला विद्या आहे, तिच्यासाठी त्याची होणारी तगमग आहे. कल्लू मामाला तर त्याच्या नावाचे गाणेच आहे. आणि जे मारले जातात त्यांना? कोणी बांधकाम व्यावसायिक, कोणी चित्रपट निर्माता, कोणी प्रतिस्पर्धी टोळीतील प्यादे. ते पडद्यावर येतात ते मरण्यापुरते. त्यांच्या घरी त्या रात्री चूल पेटली की नाही, हे कॅमेरा पाहायला जात नाही. पोलीस आयुक्तांची हत्या हे कथेतील मोठे वळण. परंतु तेही टोळीच्या डावपेचांतील एक यशस्वी चाल म्हणूनच प्रेक्षकासमोर येते.

या चित्रपटात एक प्रसंग असा आहे की ज्यावर समीक्षकांनी खरे तर थांबायला हवे होते. सत्या विद्येला घेऊन चित्रपट पाहायला जातो. पोलीस चित्रपटगृहाला वेढा घालतात. सुटकेसाठी सत्या गोळी झाडतो, गर्दीत पळापळ होते आणि चेंगराचेंगरीत माणसे मरतात. ही माणसे कोण? तिकीट काढून आलेले प्रेक्षक! त्या प्रसंगी देशभरातील चित्रपटगृहांत बसलेला प्रेक्षक पडद्यावर आपल्यासारख्याच प्रेक्षकांना पायदळी तुडवले जाताना पाहत होता आणि त्याला काळजी कोणाची वाटत होती? सत्या निसटला की नाही याची! स्वतःच्या प्रेताला ओलांडून मारेकऱ्यासाठी जीव टांगणीला लावायला शिकवणे, हे या कलाकृतीचे सामर्थ्य आहे. आणि तिच्यावरचा मुख्य आरोपही हाच आहे. अश्रूंची समान वाटणी केल्याचा दावा या एका प्रसंगात कोसळून पडतो.

चित्रपटाच्या मागे उभे असलेले खरे मुंबई शहर आठवून पाहावे. १२ सप्टेंबर १९९२ रोजी जे. जे. रुग्णालयात शिरून टोळीवाल्यांनी गोळीबार केला. रुग्णशय्येवरील शत्रूबरोबर पहाऱ्यावरचे दोन पोलीसही गेले. १२ मार्च १९९३ रोजी दाऊद इब्राहिम आणि टायगर मेमन यांच्या कटातून घडलेल्या साखळी बॉम्बस्फोटांत २५७ निरपराध माणसे मारली गेली. २५ ऑगस्ट १९९४ रोजी भारतीय जनता पक्षाचे मुंबईतील नेते रामदास नायक यांची वांद्र्यात भररस्त्यात हत्या झाली. १६ जानेवारी १९९७ रोजी कामगार नेते डॉ. दत्ता सामंत पवईत मारले गेले. १२ ऑगस्ट १९९७ रोजी गुलशन कुमार यांना अंधेरीत मंदिरातून बाहेर पडताना गोळ्या घालण्यात आल्या. ‘सत्या’ तयार होत होता तो याच काळात. संघटित गुन्हेगारीच्या बंदोबस्तासाठी राज्याला १९९९ मध्ये ‘मोक्का’ हा स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून त्या दहशतीची खोली कळते. या साऱ्यांच्या बायका, मुले, वृद्ध आईवडील मुंबईतच राहत होते. वास्तववादाला ते कसे दिसले नाहीत? मारणाऱ्याच्या घरात शिरणारा आणि मरणाऱ्याच्या उंबरठ्याबाहेर थांबणारा वास्तववाद हा अर्धाच वास्तववाद होय. आणि अर्धसत्याची भुरळ असत्यापेक्षा अधिक पडते.

‘आरसा’ आणि ‘परिस्थिती’

यावर तयार उत्तरे आहेत. पहिले उत्तर असे की चित्रपट हा समाजाचा आरसा असतो, आरशाला दोष देऊ नये. परंतु आरसा समोर येईल ते सगळे दाखवतो. तो चौकट निवडत नाही, प्रकाश बेतत नाही, पार्श्वसंगीत भरत नाही. दिग्दर्शक हे सर्व करतो, त्यासाठीच त्याला दाद मिळते. दाद घेताना कलावंत आणि जबाब देताना आरसा, ही सोय फार झाली.

दुसरे उत्तर ‘परिस्थिती’चे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचे संसार उघड्यावर आले, गिरणगाव उद्ध्वस्त झाले, त्यातून टोळ्यांना पोरे मिळाली, असे सांगितले जाते. ती पोरे मिळाली हे खरेच आहे. परंतु त्या अडीच लाख घरांतील बहुसंख्य मुलांनी काय केले? कोणी वडापावची गाडी लावली, कोणी रिक्षा चालवली, कोणाच्या आईने खानावळ चालवून मुलांना शिकवले, कोणी कोकणात किंवा घाटावर परत जाऊन पडीक जमीन कसली. मराठवाड्यातील दुष्काळ, कर्ज आणि पडलेले भाव यांनी पिचलेल्या कुटुंबांचेही तेच. परिस्थितीने प्रत्येकाला गुंड केले असते तर हिंगोलीत एकही घर सरळ राहिले नसते. सन्मानाने उपाशी राहिलेल्या लाखोंचा अपमान केल्याशिवाय ‘परिस्थितीने त्याला बंदूक उचलायला लावली’ हे वाक्य उच्चारताच येत नाही.

प्रवीण तरडे यांच्या २०१८ मधील ‘मुळशी पॅटर्न’ने निदान मुळापाशी जाण्याचा प्रयत्न केला. विकलेली जमीन, हातात आलेला आणि उडून गेलेला पैसा, मालकाचा पहारेकरी झालेला बाप आणि गुन्हेगारीत गेलेला मुलगा हा क्रम त्याने मांडला आणि शेवटी किंमतही वसूल केली. पण प्रेक्षकाने उचलले काय? वरातीत वाजवायला गाणे. शेवटचा हिशेब चित्रपटगृहातच राहिला. म्हणजे दोष केवळ निर्मात्याच्या पदरी टाकून मोकळे होता येणार नाही.

आणि म्हणूनच बंदीची मागणी हाही उपाय नव्हे. बंदी घातलेला चित्रपट अधिक पाहिला जातो, हा अनुभव जुना आहे. शिवाय बंदी मागणाऱ्याला काही करावे लागत नाही. एक निवेदन दिले, छायाचित्र काढले की कर्तव्य संपले. मुलाच्या मनातील जी जागा भिकूने घेतली ती बंदीने रिकामी होईलही, भरणार मात्र नाही.

हिंगोलीची जुनी साक्ष

गुन्हेगाराच्या कथेचे आकर्षण ‘सत्या’ने निर्माण केले असेही नाही. याची साक्ष खुद्द हिंगोली देते. निजामाच्या राजवटीत येथे लष्कराची छावणी होती. निजामाच्या सेवेतील इंग्रज अधिकारी फिलिप मेडोज टेलर याने १८३९ मध्ये ठगांच्या जीवनावर एका ठगाच्या कबुलीजबाबाच्या रूपाने कादंबरी लिहिली आणि ती इंग्लंडमध्ये अफाट गाजली. तिच्या प्रस्तावनेत त्याने हिंगोलीची एक हकीकत दिली आहे. छावणीच्या बाजारात हरीसिंग नावाचा प्रतिष्ठित व्यापारी होता. स्वतः टेलरचाही त्याच्याशी व्यवहार होता. मुंबईहून कापड आणायचे आहे असे सांगून त्याने अधिकाऱ्याकडून परवाना मिळवला. ते कापड दुसऱ्याच व्यापाऱ्याचे होते. हरीसिंगाने त्या व्यापाऱ्याला त्याच्या माणसांसह वाटेत मारले, परवाना दाखवून माल हिंगोलीत आणला आणि छावणीतच उघडपणे विकला. पहारेकऱ्यांच्या रांगेपासून हाकेच्या अंतरावर प्रेते पुरलेली निघाली. पकडला गेल्यावर त्याने हे सारे एखादा फर्मास विनोद सांगावा तसे सांगितले.

लंडनच्या वाचकांनी ही कथा अंगावर काटा आणून, चवीने वाचली. त्या मेलेल्या व्यापाऱ्याचे नाव मात्र कोणाच्या लक्षात नाही. हरीसिंगाचे नाव राहिले! पावणेदोनशेहून अधिक वर्षांपूर्वी जे छापील पानावर झाले तेच १९९८ मध्ये पडद्यावर झाले आणि तेच आज हातातल्या पेटीवर होत आहे. साधन बदलले, वृत्ती तीच. मारणाऱ्याला नाव, मरणाऱ्याला विस्मरण.

परंतु याच मातीत कथा सांगण्याची दुसरीही एक रीत होती. संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी याच जिल्ह्यात आहे आणि ज्या औंढा नागनाथाच्या क्षेत्री त्यांना विसोबा खेचरांच्या रूपाने गुरू लाभले तेही येथेच. नामदेवांविषयी एक आख्यायिका सांगितली जाते. ते पूर्वायुष्यात वाटमारी करीत होते, असे ती म्हणते. अनेक अभ्यासकांनी ती नाकारली आहे, वारकरी परंपरेलाही ती मान्य नाही आणि इतिहास म्हणून ती स्वीकारण्याचे कारणही नाही. तरीही लोकमनाने रचलेली कथा म्हणून तिच्याकडे पाहावे. देवळात एक स्त्री भुकेने रडणाऱ्या मुलाला समजावत असते. ‘खायला कोठून आणू? तुझ्या बापाला तर दरोडेखोरांनी मारले’ असे ती मुलाला म्हणते. ते शब्द मारणाऱ्याच्या कानी पडतात आणि त्या एका क्षणात त्याचे सारे आयुष्य उलटून जाते.

येथे कथेचा कान कोणाकडे आहे? मारेकऱ्याच्या शौर्याकडे नव्हे, मेलेल्याच्या भुकेल्या मुलाकडे! त्या मुलाचे रडणे हा कथेचा कणा आहे. वाल्या कोळ्याच्या कथेचेही तेच. नारदाने त्याला लढून हरवले नाही, उपदेशाचे डोस पाजले नाहीत. एकच प्रश्न विचारला: ज्यांच्यासाठी हे करतोस ते तुझ्या पापात वाटेकरी आहेत काय? वाल्या घरी गेला आणि घराने नकार दिला. त्या नकारातून वाल्मीकी जन्मले. ‘सत्या’त घर आहे, बायको आहे, मुले आहेत, मित्र आहेत, नारद मात्र नाही. भिकूच्या उंबरठ्यावर उभे राहून तो प्रश्न कोणी विचारत नाही. भारतीय कथापरंपरेला गुन्हेगार वर्ज्य नव्हता, हे ध्यानात घेतले पाहिजे. तिला वर्ज्य होती ती प्रश्नाविना सांगितलेली गुन्हेगाराची गोष्ट.

‘आपला’ गुंड?

येथवर बोट दुसऱ्याकडे होते. आता ते स्वतःकडे वळवणे क्रमप्राप्त आहे. या चित्रपटाचा शेवट गणेश विसर्जनाच्या गर्दीत होतो. गुलाल, ढोल, जयघोष यांच्या आडून सत्या भाऊ ठाकूरदास झवळे या गुंड-पुढाऱ्याला भोसकतो. उत्सवाच्या पार्श्वभूमीवर खून दाखवला म्हणून कोणाला राग येऊ शकतो. परंतु खरा राग यायला हवा तो याचा की ते दृश्य प्रेक्षकाला अशक्य वाटले नाही. का वाटले नाही? लोकमान्य टिळकांनी १८९३ पासून सार्वजनिक उत्सवाची चळवळ उभी केली ती लोकजागरणासाठी. त्याच मुंबईत पुढे वरदराजन मुदलियारसारख्या तस्कराचा माटुंग्याचा गणपती डोळे दिपवणारा ठरला आणि लोक रांगा लावून त्याचे दर्शन घेऊ लागले. वर्गणी कोणाची, हे कोणी विचारले नाही. देवाच्या मखरामागे गुंडाला उभे राहू दिले ते पटकथाकाराने नव्हे, समाजाने.

याहून घातक भ्रम १९९३ नंतर पसरला. दाऊदच्या विरोधात उभा तो ‘आपला’, असे समीकरण मांडले गेले. छोटा राजन हा स्वतःला देशभक्त म्हणवू लागला आणि अनेक सुशिक्षितांनीही ते कौतुकाने ऐकले. हा मनुष्य त्यापूर्वी वर्षानुवर्षे दाऊदच्याच टोळीचा आधारस्तंभ होता, याचा विसर पडला. या देशभक्ताच्या टोळीने खंडणी कोणाकडून उकळली? ११ जून २०११ रोजी मुंबईत पत्रकार ज्योतिर्मय डे यांची हत्या झाली. त्या खटल्यात २०१८ मध्ये न्यायालयाने छोटा राजनला जन्मठेप ठोठावली. लेखणी चालवणारा एक माणूस मारणे ही कोणत्या राष्ट्राची सेवा? गुंडाला धर्म चिकटवल्याने गुंड पवित्र होत नाही, धर्म मात्र विटाळतो. रझाकारांचा उच्छाद भोगलेल्या हिंगोलीसारख्या प्रदेशाला तरी हे वेगळे सांगण्याची गरज नसावी. शस्त्र हाती असलेला आणि कायद्याला न जुमानणारा जमाव निःशस्त्र माणसाशी कसा वागतो, हे ज्या घरांतील वृद्धांनी १९४८ पर्यंत अनुभवले त्या घरांतील नातवंडांनी गुंडाचे चित्र मिरवावे, यासारखे दुसरे विस्मरण नाही.

भिकूच्या आडनावाविषयीही एक शब्द. मराठी माणूस पडद्यावर मुंबईचा राजा झाला याचे अनेकांना अप्रूप वाटले. हिंदी चित्रपटांत एरवी मराठी माणूस हवालदार किंवा मोलकरीण असे, तेव्हा हे अप्रूप समजण्यासारखे आहे. परंतु ज्या मुंबईसाठी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात १०६ जणांनी प्राण दिले, त्या मुंबईत मराठी माणसाचे राजेपण एका खंडणीखोराच्या रूपाने मिळावे आणि त्यावर टाळ्या पडाव्यात, हा गौरव की थट्टा?

दोन खोल्या

सत्याला महानगरात खोली मिळाली म्हणून तो भिकूचा झाला. हिंगोली जिल्ह्याच्या इतिहासात आणखी एका निराधार मुलाची आणि आणखी एका खोलीची गोष्ट आहे. ११ ऑक्टोबर १९१६ रोजी कडोळी या गावी तो जन्मला. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. शाळेचे शुल्क आणि पुस्तके यांसाठी त्याने भाजी विकली. शिकण्यासाठी तो राजस्थानापर्यंत गेला. पुढे गोरखपूरला संघकार्यासाठी पोहोचला तेव्हा राहायला जागा नव्हती. धर्मशाळेत तीन दिवसांपेक्षा अधिक मुक्काम चालत नसे. अखेर बाबा राघवदास या पुण्यात जन्मलेल्या, विचाराने काँग्रेसच्या असलेल्या साधुपुरुषाने त्याला आश्रय दिला. अट इतकीच की त्याने स्वयंपाक करावा. परक्या शहरात, परक्या पक्षाच्या माणसाने दिलेली ती खोली! त्याच गोरखपूरमध्ये १९५२ साली त्या तरुणाने पहिले सरस्वती शिशु मंदिर उभे केले. साठी गाठल्यावर राजकारण सोडून त्याने चित्रकूटच्या खेड्यांत स्वतःला गाडून घेतले. २०१० मध्ये देह ठेवला तेव्हा तो देहही त्याने दान केला होता. २०१९ मध्ये त्याला मरणोत्तर भारतरत्न मिळाले. नानाजी देशमुख हे ते नाव.

दोन निराधार, दोन शहरे, दोन खोल्या. ‘परिस्थिती’ दोघांचीही सारखीच होती. फरक एवढाच की दार कोणी उघडले. हा फरकच सर्व काही आहे. हिंगोलीहून रोज मुले बाहेर पडतात; बसने, रेल्वेने, मालमोटारीतूनही. पुण्यात किंवा मुंबईत पहिल्या रात्री त्यांच्यासाठी दार कोण उघडते? गावाकडचा एखादा स्थिरावलेला माणूस, एखादे वसतिगृह, एखादी अभ्यासिका, एखादी तालीम, की एखादा ‘भाऊ’? ज्याने पहिली भाकरी दिली त्याचा शब्द मुलगा जन्मभर मोडत नाही. भिकूला हे कळले होते. समाजातील सज्जनांना ते अद्याप पुरते कळलेले नाही. शहरात स्वतःचे घर झालेल्या प्रत्येक मध्यमवर्गीय कुटुंबाने आपल्या तालुक्यातून आलेल्या एका मुलाची विचारपूस करण्याचे ठरवले तरी टोळ्यांची भरती अर्ध्यावर येईल. त्याला कायद्याची गरज नाही, निधीची नाही, निवेदनाचीही नाही.

आणि मुलाला नायक हवाच असेल तर तो कल्पनेत शोधावा लागत नाही. साताऱ्याकडच्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ उभे होते. हातात पिस्तूल नव्हते, होती ती काठी. समोर कसाबची स्वयंचलित रायफल. त्यांनी तिची नळी दोन्ही हातांनी धरली आणि अंगात गोळ्या शिरत असताना सोडली नाही. म्हणून कसाब जिवंत सापडला आणि पाकिस्तानचा बुरखा जगापुढे फाटला. अशोकचक्राने सन्मानित झालेल्या या सहायक फौजदाराच्या त्या अर्ध्या मिनिटाचे तुकडे किती भ्रमणध्वनींवर फिरतात? हिंगोलीच्या मैदानावर पहाटे धावणारा मुलगा ज्या वर्दीसाठी धावतो, ती हीच वर्दी आहे, हे त्याला कोणी सांगितले काय?

‘सत्या’ पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा तो पाहून स्वतः रामगोपाल वर्मा यांना अश्रू आवरले नाहीत. यशाच्या आणि अहंकाराच्या धुंदीत आपण वाट चुकलो, अशी कबुली त्यांनी जाहीरपणे दिली. ती त्यांच्या कलेविषयी होती, तिचे स्वागतच आहे. परंतु सत्तावीस वर्षे टाळ्या वाजवणाऱ्या प्रेक्षकाने अद्याप कबुली दिलेली नाही. चित्रपट पाहावा, त्यातील अभिनय, पाऊस, संगीत यांना दादही द्यावी. मात्र घरात तो मुलांसमवेत पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांनी चित्रपटगृहातील चेंगराचेंगरीच्या प्रसंगी क्षणभर तो थांबवावा आणि जमिनीवर पडलेल्यांकडे बोट दाखवून एवढेच विचारावे: यांची नावे काय? यांच्या घरी आता कोण रडत असेल?

औंढ्याच्या आख्यायिकेतील ते भुकेले मूल अजून रडते आहे. नारदाचा प्रश्नही अजून अनुत्तरित आहे. वाल्याच्या घराने पापात वाटा नाकारला होता. आज तिकीट काढून, टाळ्या वाजवून, छायाचित्राखाली संवाद लिहून, ते पाप घराघरांत आनंदाने वाटून घेतले जात आहे. घराने पुन्हा एकदा नकार देण्याची वेळ आली आहे.